गजर वाजला होता, मीच बंद केला होता

९ जानेवारी २०२४ ला मंगळवार होता. मुलीची शाळा साडेतीनला सुटते. तीन वाजून दहा मिनिटांचा गजर मी लावून ठेवला होता. तो वाजला, मी ऐकला आणि बंद केला. ‘एवढं पान संपवते आणि उठते’ असं मनाशी म्हटल्याचंही मला आठवतं. पुन्हा मान वर केली तेव्हा सव्वाचार होऊन गेले होते आणि फोनवर शाळेचे सहा कॉल येऊन गेले होते.

मुलगी पायरीवर दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. “आई, मला विसरलीस ना?” एवढंच तिने विचारलं. मी “नाही गं” म्हटलं, आणि ते खरं होतं. तिला मी विसरले नव्हते. साडेतीन वाजता शाळा सुटते हेही मला पाठ होतं. फक्त त्या क्षणी, जेव्हा उठायला हवं होतं, तेव्हा ते माझ्याजवळ नव्हतं. हा फरक आठ वर्षांच्या मुलीला कसा सांगायचा? मला तरी तो कुठे कळला होता! घरी मला धांदरट म्हणत, शाळेत विसरभोळी, कॉलेजात आळशी. वयाच्या ३९ व्या वर्षापर्यंत हे शब्द मी खरे मानूनच जगत होते.

त्या रात्री झोप येणं शक्य नव्हतं. शोधता शोधता मोठ्या माणसांमधल्या एडीएचडीसाठीची (लक्ष टिकवणं अवघड जातं, चंचलता आणि उतावळेपणा असतो, त्या विकाराचं हे इंग्रजी लघुनाव) जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली सापडली. तीत १८ प्रश्न असतात आणि पहिले सहा चाळणीचे. काम संपत आलं असताना शेवटचे बारीकसारीक भाग राहून जातात का, ठरलेल्या भेटी विसरता का, डोकं लागेल असं काम पुढे ढकलता का, असे ते प्रश्न. सहापैकी चार किंवा जास्त उत्तरं ठरलेल्या रकान्यांत पडली तर पुढची तपासणी करून घ्यावी, एवढाच त्याचा अर्थ. माझी पाच पडली. हे निदान नव्हे, हे मी इथे ठासून लिहिते आहे, कारण त्या रात्री मी ते निदानच समजले आणि पुढचे आठ दिवस फक्त छोटे व्हिडिओ बघण्यात घालवले. त्यांतून काही हाती लागलं नाही.

१७ जानेवारीला आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “नोकरी, घर, लहान मूल. असं सगळ्यांचंच होतं. झोप पुरी करा.” मी बाहेर येऊन जिन्यात थोडा वेळ बसून राहिले. पण त्यांनी एक गोष्ट चांगली केली, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि फेरिटिन. थायरॉइड बिघडलं असेल, बी-१२ कमी असेल, झोपेत श्वास अडकत असेल तरी लक्ष लागत नाही आणि विसरायला होतं. त्यामुळे आधी ही दारं बंद करून घ्यावी लागतात. माझं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, खरोखरच कमी निघालं. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या आणि रात्री अंथरुणात पाय हलवत राहायची जी तगमग व्हायची ती दोन महिन्यांत बरीच कमी झाली. विसरणं मात्र जसंच्या तसं राहिलं. पुढे मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले तेव्हा हे कागद हातात असल्याने एक फेरी वाचली.

मानसोपचारतज्ज्ञांच्या भेटीसाठी २२ जानेवारीला फोन केला. वेळ मिळाली १८ एप्रिलची. बारा आठवडे! रिसेप्शनवरच्या बाईंना मी विचारलं की मधे कुणी भेट रद्द केली तर मला कळवाल का, तेव्हा त्या म्हणाल्या की तशी वेगळी यादी असते, पण ज्यांनी विचारलं त्यांचंच नाव तीत घालतो. तर विचारा. माझा नंबर काही लागला नाही, पण अनेकांचा लागतो.

या बारा आठवड्यांत केलेल्या दोन गोष्टी पुढे उपयोगी पडल्या.

पहिली, नोंदवही. काय विसरले, कधी, आणि त्याचा परिणाम काय झाला, एवढंच एका ओळीत. ‘३ फेब्रुवारी. वीजबिल भरायचं राहिलं. पैसे होते. दंड.’ ‘११ फेब्रुवारी. घरात आहे हे विसरून तीच वस्तू दुसऱ्यांदा आणली.’ ‘२० फेब्रुवारी. मैत्रिणीच्या वडिलांचं ऑपरेशन झालं, फोन करायचा राहिला. आता करायची लाज वाटते.’ नोंदी लिहायलाही विसरायचे, म्हणून वही उशीपाशी ठेवली. बारा आठवड्यांचे दंड, दुबार खरेदी आणि वाया गेलेली तिकिटं यांची बेरीज केली तर ती माझ्या अर्ध्या महिन्याच्या पगाराएवढी भरली. संपूर्ण तपासणीला पुढे दीड महिन्याचा पगार गेला. तो आकडा मला फार मोठा वाटत होता, पण ही बेरीज समोर असल्याने तो द्यायचं धाडस झालं. विमा असेल तर मानसिक आरोग्याच्या तपासण्या त्यात बसतात का हे आधी लेखी विचारून घ्या. मी तोंडी विचारलं होतं, आणि तोंडी मिळालेल्या उत्तराचा नंतर काही उपयोग झाला नाही.

दुसरी गोष्ट, शाळेची प्रगतिपुस्तकं. एडीएचडी हा मोठेपणी अचानक होणारा आजार नाही. त्याची काही लक्षणं वयाच्या १२ वर्षांआधी दिसलेली असावी लागतात. (पूर्वी ही अट ७ वर्षांची होती, २०१३ मध्ये डीएसएमची, म्हणजे मानसिक विकारांचे निकष ठरवणाऱ्या अमेरिकी पुस्तकाची, पाचवी आवृत्ती आली तेव्हा ती १२ झाली.) म्हणून लहानपणाचा पुरावा लागतो. मी आईला फोन केला. ती आधी दुखावली. “तुला काही झालेलं नाही. तू लहानपणापासून अशीच आहेस,” ती म्हणाली. मला ते तेव्हा फार लागलं. पुढे डॉक्टरांना हे वाक्य सांगितलं तेव्हा त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली रेघ मारली. ज्या वाक्याने आई मला गप्प करत होती तेच त्यांना हवं असलेलं उत्तर होतं.

प्रगतिपुस्तकं माळ्यावरच्या पेटीत निघाली. तिसरी: ‘हुशार आहे, परंतु वर्गात लक्ष नसते.’ पाचवी: ‘वह्या वारंवार हरवते.’ सहावी: ‘उत्तरे येतात, पण प्रश्न अर्धवट सोडते.’ वेगवेगळ्या तीन बाईंनी वेगवेगळ्या वर्षी लिहिलेलं. जमिनीवर बसून मी ते वाचलं आणि त्या मुलीची मला कीव आली. ती प्रयत्न करत होती, हे मला पक्कं माहीत आहे, कारण ती मीच होते.

भेटीच्या पंधरा दिवस आधी ईमेलने चार फॉर्म आले. एक माझ्या आत्ताच्या त्रासाचा, एक लहानपणाचा, एक जोडीदाराने भरायचा, एक नैराश्य आणि चिंतेबद्दलचा. ज्याला फॉर्म भरणं जमत नाही त्याच्याच हाती पहिल्यांदा फॉर्म येतात, हे मला आजही खटकतं. मी ते १७ एप्रिलच्या रात्री एक वाजता संपवले, तेही नवरा शेजारी बसून राहिला म्हणून. तुम्हाला होत नसतील तर फोन करून सांगा. मला नंतर कळलं की तिथे लवकर पोचून कुणाच्या तरी मदतीने भरायची सोय होती.

१८ एप्रिलची मुलाखत दीड तास चालली. लक्ष न लागण्याची नऊ लक्षणं आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ. प्रत्येकाबद्दल दोनदा विचारलं गेलं, आत्ता कसं आणि लहानपणी कसं. ‘हो’ म्हणून चालत नाही, उदाहरण द्यावं लागतं. माझी नोंदवही तिथे अक्षरशः पानं उलटून वाचली गेली. मोठ्या माणसांत दोन्हींपैकी एका गटातली किमान पाच लक्षणं लागतात, ती कमीत कमी सहा महिने टिकलेली हवीत, आणि त्रास एकाच जागी असून भागत नाही. घर, काम, नातेसंबंध यांपैकी किमान दोन ठिकाणी तो दिसावा लागतो. शिवाय मनःस्थितीचे चढउतार, दारू, डोक्याला झालेली इजा, घोरणं, मोठे धक्के, सगळं विचारलं. मला सुरुवातीला वाटलं, या माझ्यावर विश्वास ठेवत नाहीत. नंतर कळलं की इतर कशानेही हे चित्र तसंच दिसू शकतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

मी एक शंका विचारलीच. “मी अहवाल तपासायचं काम करते. सहा-सहा तास जागची हलत नाही. माझ्यात लक्षाची कमतरता कशी?” डॉक्टर म्हणाल्या की कमतरता लक्षाची नसते, ते हवं तिथे लावण्याची आणि हवं तेव्हा काढून घेण्याची असते. ९ जानेवारीला मी लक्ष देत नव्हते असं नाही. अहवालातून ते काढता आलं नाही.

दुसरी भेट २ मे ला, नवऱ्यासह, आणि आई फोनवर. नवऱ्याला विचारलं गेलं की या सगळ्याचा तुम्हाला काय त्रास होतो. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, “मला वाटायचं, तिला माझ्या गोष्टी महत्त्वाच्या वाटत नाहीत म्हणून ती विसरते.” बारा वर्षांच्या संसारात हे तो मला कधी बोलला नव्हता. या प्रक्रियेतला सगळ्यात जड क्षण तोच होता. सोबत कुणाला नेणार असाल तर आदल्या दिवशी दोघांनी निवांत बोलून घ्या. असं काही तिसऱ्या माणसासमोर पहिल्यांदा ऐकावं लागू नये.

२३ मे ला अहवाल हातात आला. लक्ष न लागण्याची नऊपैकी सात, चंचलतेची नऊपैकी तीन. म्हणजे प्रामुख्याने लक्ष न लागण्याचा प्रकार. वर्गात पळापळ करणारं मूल लगेच नजरेत येतं, पण खिडकीबाहेर बघत बसलेली मुलगी कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. म्हणूनच मुलींचं निदान बरेचदा असं उशिरा होतं. दुपारभर मला हलकं वाटत होतं. रात्री मात्र खूप रडले. कॉलेजात एक विषय मी परीक्षेची तारीख चुकीची लक्षात ठेवल्याने घालवला होता, त्यावरून एक वर्ष गेलं होतं, आणि ते वर्ष मी स्वतःला आळशी म्हणत काढलं होतं. कुणीतरी तेव्हा विचारलं असतं तर, हा विचार जाता जात नव्हता. निदानानंतर असं वाईट वाटलं तर घाबरू नका. माझ्या बाबतीत ते दोनेक महिने येत-जात राहिलं.

मला वाटलं होतं, आता लगेच गोळी मिळेल. डॉक्टरांनी दोन आठवड्यांची झोपेची नोंद मागितली. अंथरुणात कधी पडले, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठले. माझी सरासरी झोप लागायची वेळ निघाली रात्री एक चाळीस. उठायची सव्वासहा. साडेचार तास! एवढ्या झोपेवर कुणालाही विसरायला होईल, त्यामुळे गोळीने काय साधलं आणि काय नाही हे कळणारच नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. ते मला पटलं.

झोपेबद्दल मला जे कळलं ते आधी कळलं असतं तर कितीतरी रात्री वाचल्या असत्या. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मोठ्या माणसांचं शरीराचं घड्याळच उशिरा चालतं. संध्याकाळी मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, वाढायला लागतं, ते त्यांच्यात साधारण दीड तास उशिरा वाढतं. त्यामुळे ‘आजपासून दहाला झोपायचं’ हा निश्चय करून मी अंधारात तास-दीड तास डोळे उघडे ठेवून पडायचे आणि शेवटी फोन हातात घ्यायचे. घड्याळ रात्रीच्या टोकाने सरकत नाही, सकाळच्या टोकाने सरकवावं लागतं. उठायची वेळ सव्वासहाच ठेवली, सुट्टीच्या दिवशीही. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत वीस मिनिटं बाहेरच्या उजेडात. कॉफी दुपारी बारानंतर बंद, कारण पाच तासांनीही तिच्यातलं जवळजवळ निम्मं कॅफिन अंगात असतं. डॉक्टरांनी मेलाटोनिनही दिलं, पण अगदी थोडं, अर्धा मिलिग्रॅम, आणि अंथरुणात पडताना घ्यायचं नाही, त्याच्या काही तास आधी. मात्रेपेक्षा वेळ महत्त्वाची. हे स्वतःच्या मनाने सुरू करू नका, माझीही वेळ दोनदा बदलावी लागली.

पण एक अडचण शरीराच्या घड्याळाची नव्हती. रात्री अकरानंतर घर शांत होतं आणि मग मला जाग येते. डॉक्टरांनी विचारलं, “रात्री काय मिळतं तुम्हाला?” मी विचार केला. रात्र ही दिवसातली एकच वेळ होती जेव्हा मला कुठेही उशीर झालेला नसायचा. कुणी वाट बघत नसायचं. ती वेळ सोडायला मी तयार नव्हते. मग ठरलं की रात्री साडेआठ ते साडेनऊ हा तास माझा. त्यात कुणी काही विचारायचं नाही, घर आवरायचं नाही. नवऱ्याने तो आजवर मोडू दिलेला नाही. पावणेदहाला एक गजर होतो, झोपायचा नाही, आवरतं घ्यायचा. सप्टेंबरपर्यंत झोप लागायची वेळ बारा-सव्वाबारावर आली. सहा तास झोप. आदर्श नाही, पण माझ्यासाठी फार मोठी गोष्ट आहे.

२७ जूनला औषध सुरू झालं. वडिलांना हृदयविकार होता, म्हणून आधी ईसीजी काढला, रक्तदाब आणि नाडी तपासली. घरात कुणाला हृदयाचा त्रास असेल तर तो विचारण्याआधीच सांगा. औषध मिथिलफेनिडेट, सुरुवातीला अगदी कमी, दर आठवड्याला थोडं वाढवत. मी रोज नाडी, रक्तदाब आणि त्या दिवसाबद्दल दोन शब्द लिहायचे. पहिल्या दिवशी काही झालं नाही असंच वाटलं. संध्याकाळी लक्षात आलं की दुपारी आलेल्या एका ईमेलला मी वाचल्याबरोबर उत्तर पाठवलं होतं. ‘नंतर देते’ हा टप्पाच आला नव्हता. बदल एवढाच, पण दिवसातून दहा वेळा.

त्रासही झाले. दुपारची भूक गेली, तोंड कोरडं पडायचं. साध्या गोळीचा असर तीन-चार तासांचा असतो आणि तो उतरताना माझी चिडचिड व्हायची, नेमकी मुलगी घरी यायच्या वेळी. दुपारी चारला दुसरी गोळी घेतली तर रात्रीची झोप पुन्हा एक वाजेपर्यंत मागे गेली. पाचव्या आठवड्यात सकाळी एकदाच घ्यायची, सावकाश विरघळणारी गोळी मिळाली आणि ते बसलं. कुणाकुणाला हे औषध चालत नाही. त्यांच्यासाठी ॲटोमोक्सेटिनसारखी वेगळ्या प्रकारची औषधं आहेत, पण त्यांचा पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात, तोवर धीर धरावा लागतो.

आता कागदोपत्री भाग. मिथिलफेनिडेट १९७१ च्या आंतरराष्ट्रीय कराराखाली नियंत्रित औषध आहे, त्यामुळे चिठ्ठी ठरावीक दिवसांपुरतीच मिळते, दर वेळी नवी लागते, आणि सगळ्या औषधांच्या दुकानांत ते नसतं. दोन वेळा मी दुकानापर्यंत जाऊन रिकाम्या हाती परतले. आता सात दिवसांच्या गोळ्या उरल्या की फोन करून साठा विचारते, आणि ही खूण गोळ्यांच्या पाकिटावरच आहे. आठव्या गोळीवर लाल रेघ. प्रवासात, विशेषतः देशाबाहेर, डॉक्टरांचं पत्र आणि मूळ पाकीट सोबत लागतं, आणि तिथले नियम आधी बघावे लागतात. गोळी घेतली की नाही हे आठवत नाही म्हणून सात कप्प्यांची डबी आहे. कप्पा रिकामा असेल तर घेतली. शंका आली तरी दुसरी घ्यायची नाही, हे डॉक्टरांनी बजावलं आहे.

ऑगस्टपासून मानसशास्त्रज्ञांकडे दर आठवड्याला एक, अशी बारा सत्रं. माझ्या दृष्टीने सगळ्यात उपयोगी गोष्ट इथेच मिळाली. त्यांनी मला आठवण्याचे दोन प्रकार समजावले. मागचं आठवणं आणि पुढचं आठवणं. शाळेतल्या कविता, जुने फोन नंबर, कुणी कुठल्या रंगाचे कपडे घातले होते, हे मागचं मला उत्तम आठवतं. गुरुवारी पत्र टाकायचं आहे हे गुरुवारीच, पत्रपेटीसमोरून जाताना आठवणं, हे पुढचं. माझं ते तुटतं. त्यामुळे ‘लक्षात ठेव’ असं स्वतःला कितीही बजावलं तरी फरक पडत नाही. लक्षात असतंच. वेळेला वर येत नाही.

हे ऐकताना मला आईचा हातरुमाल आठवला. काही विसरू नये म्हणून ती रुमालाला खूणगाठ मारायची. कधी कधी चार-चार गाठी असायच्या, आणि संध्याकाळी ती रुमाल हातात घेऊन बसायची, कुठली गाठ कशाची ते न आठवून. तिचा तो चेहरा मला लहानपणी समजला नव्हता. माझा ९ जानेवारीचा गजरही तशीच एक गाठ होती. नुसता वाजला, बोलला काहीच नाही, आणि जागेवरून न उठता बंद करता आला.

मग आम्ही एकेक खूण बोलती केली. गजराला नाव नाही, कृती लिहायची: ‘उठ. फाइल बंद न करता उठ. चपला घाल.’ गजराचा फोन टेबलावर नाही, दाराजवळच्या फळीवर. तो बंद करायला जावं लागतं आणि तिथेच चपला असतात. ‘संध्याकाळी बिल भरेन’ असं न म्हणता ‘मुलीचं दप्तर खाली ठेवलं की बिल भरेन’ असं म्हणायचं. अमुक झालं की तमुक, अशी जोडी बांधली की आठवण वेळेवर येण्याची शक्यता वाढते. किल्ल्या, ओळखपत्र, पाकीट यांची जागा एकच, तीही आत नाही, दाराशी. आणि एका आठवड्यात प्रत्येक कामाला खरा किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजलं. घरातून निघायला पाच मिनिटं लागतात असं मी आयुष्यभर धरून चालले होते. लागतात एकोणीस.

काही गोष्टी अजिबात चालल्या नाहीत. चार ॲप, एक महागडी नियोजनवही, रंगीत चिकटचिठ्ठ्या. भिंतीवरचा कागद तीन आठवड्यांनी मला दिसेनासा होतो. मानसशास्त्रज्ञ म्हणाल्या, “मग जागा बदला, स्वतःला दोष कशाला देता?” आता महिन्यातून एकदा सगळे कागद हलवते. कंटाळवाण्या कामासाठी एका सहकारी मैत्रिणीला फोन लावून ठेवते. ती तिचं काम करते, मी माझं, बोलत कुणीच नाही. नुसतं कुणीतरी सोबत असलं की माझं काम सुरू होतं, हे मला फॉर्म भरायच्या रात्रीच कळायला हवं होतं.

ऑक्टोबरमध्ये ऑफिसात सांगितलं. डॉक्टरांकडून घेतलेल्या पत्रात आजाराचं नाव नव्हतं, फक्त गरजा होत्या. तसं पत्र मागता येतं. मी दोन गोष्टी मागितल्या: तोंडी दिलेलं काम दोन ओळींत लिहून मिळावं आणि मोठ्या अहवालाची मुदत दोन टप्प्यांत असावी. साहेबांनी मान्य केलं, पण नजरेत थोडी शंका होती. ती अजून आहे. सांगावं की नाही हे ज्याने त्याने आपापली परिस्थिती बघून ठरवावं.

मुलीला मी सोप्या शब्दांत सांगितलं की माझ्या डोक्यातला निरोप्या उशिरा पोचतो. तिने थोडा विचार करून विचारलं, “मग मी शाळेत वाट बघत असेन तेव्हा काय करायचं?” तिला खरी योजना हवी होती. तर योजना अशी: दहा मिनिटं झाली की ती शाळेच्या ऑफिसात जाऊन बसते, आणि तिथून पहिला फोन बाबाला जातो. गेल्या वर्षभरात ही योजना दोनदा वापरावी लागली. दोन्ही वेळा ती ऑफिसात चित्र काढत बसलेली होती.

निदानाचे कागद आईला वाचायला दिले होते. एडीएचडीत आनुवंशिकतेचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास मानला जातो, हे त्यात डॉक्टरांनी लिहिलं होतं. तिने ते दोनदा वाचलं. काही दिवसांनी तिचा फोन आला. “ते अठरा प्रश्न मला पण पाठव.” आई ६६ वर्षांची आहे. तिची प्रगतिपुस्तकं आता कुठे मिळणार, याची तिला काळजी होती. मी रिसेप्शनला विचारलं, तर भावंडांपैकी कुणी लहानपणचं सांगू शकलं तरी चालतं. मोठी मावशी यायला तयार झाली. रक्ताच्या तपासण्या आणि ईसीजी झाले आहेत. भेट पुढच्या महिन्याच्या ११ तारखेला, सकाळी दहाला. काल तिच्या दाराच्या आतल्या बाजूला, कडीच्या अगदी वर, मी मोठ्या अक्षरात कागद चिकटवून आले: ‘११ तारीख. साडेआठला चष्मा आणि निळी फाइल घे. पावणेनऊला मावशी खाली येईल. दार लाव आणि निघ.’